भाकरीऐवजी पान: शुगर असलेल्यांसाठी बेळगावच्या चवीचे लेट्यूस रॅप

रात्रीला दोन भाकऱ्या, मटकीची उसळ नाहीतर झुणका, आणि शेवटी आमटी-भात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांत हा बेत ठरलेला. दुकान, ऑफिस, फौंड्री, शेत सगळं आवरून पानं घ्यायला नऊ-साडेनऊ होतात, आणि शेवटचा भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. घरात कुणाला शुगर असेल तर हे उशिराचं जड जेवण बऱ्याचदा सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यातही दिसतं.

हिशेब करून बघा. एका भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. दोन भाकऱ्यांची झाली ७०. वर वाटीभर शिजलेला भात धरला की आणखी ४०. म्हणजे भाजी-आमटी मोजायच्या आधीच ११० ग्रॅम. ज्वारी गव्हा-तांदळापेक्षा उजवी, तिच्यात तंतू आहेत, हे खरं. पण म्हणून ती कितीही खाल्ली तरी चालते असं नाही. याउलट १०० ग्रॅम लेट्यूसमध्ये (सॅलडमध्ये कच्ची खातात ती पालेभाजी) कर्बोदकं जेमतेम ३ ग्रॅम, बाकी ९५ टक्के पाणीच.

एवढं वाचून कुणी भाकरी काढून ताटात नुसता पाला वाढला तर तो बेत दोन दिवसांत मोडतो. साडेनऊला जेवलेलं माणूस अकराला भडंगाच्या डब्यात हात घालतं, आणि त्या मूठभर चुरमुऱ्यांनी सगळं होतं तिथंच येतं. लेट्यूसचं पान फक्त भाकरीची जागा घेतं. पोट भरायचं, रात्रभर टिकवायचं काम आतल्या सारणाचं आहे. म्हणून या लेखात पानापेक्षा सारणावर जास्त लिहिलं आहे: माणशी साधारण २० ग्रॅम प्रथिनं, मोजकी कर्बोदकं आणि आपल्या जिभेला ओळखीचं तिखट.

कच्चं पान खायचं म्हटल्यावर घरातली मोठी माणसं नाक मुरडतील असं वाटत असेल, तर त्यांनाच विचारा. आपल्या भागात भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळ्याची कोवळी पानं, हक्करकी, पाथरी हे सगळं वर्षानुवर्षं खाल्लं जातं. पाथरी आणि लेट्यूस तर एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या. पानात सारण गुंडाळून खायची रीत पूर्वेकडची: चीनच्या कँटन भागात परतलेला खिमा लेट्यूसच्या वाटीत भरून खातात, कोरियात भाजलेलं मांस पानात गुंडाळून एका घासात तोंडात टाकतात. आपण त्यांची रीत घ्यायची आणि चव आपली ठेवायची.

आधी औषधांचं

ही गोष्ट शेवटी एका ओळीत उरकण्यासारखी नाही, म्हणून पहिल्यांदा. रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणारे यांनी एका रात्रीत ११० ग्रॅम कर्बोदकांवरून ३० वर उडी मारू नये. औषधाचा डोस भाकरी-भाताच्या हिशेबाने बसवलेला असतो. जेवण कमी झालं आणि डोस तोच राहिला तर शुगर उतरते, आणि ती मध्यरात्री झोपेत उतरली तर लवकर कळत नाही. डॉक्टरांना आधी सांगा: "रात्रीची भाकरी कमी करतोय, गोळी तेवढीच ठेवायची का?" एवढा एक प्रश्न पुरतो. तोवर रॅपबरोबर एक भाकरी ठेवा.

घाम सुटणं, हात थरथरणं, धडधडणं, एकदम भूक लागणं ही शुगर उतरल्याची लक्षणं. शुगर तपासायच्या मशीनवर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असतील तर कर्बोदकं पार बंद करणं धोक्याचं असतं. पुढच्या पाककृतीत ती थोडी ठेवली आहेत, ती काढून टाकू नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरवा पाला अचानक वाढवायचा नाही, कारण त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या आड येतं. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पनीर-चिकन किती खायचं हे डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच.

लेट्यूस कुठलं, कसं बघून घ्यायचं

बेळगावात कॅम्प आणि टिळकवाडीकडच्या भाजीवाल्यांकडे, मोठ्या सुपरमार्केटांत लेट्यूस सहसा मिळतं. गोव्याच्या हॉटेलांची भाजी बेळगाव परिसरातून जाते, त्यामुळे 'हा हॉटेलातला पाला' इथल्या बाजाराला नवा नाही. खानापूर, निपाणी, संकेश्वरला मात्र रोज मिळेलच असं नाही. भाजीवालीला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

रॅपसाठी दोन जाती कामाच्या. आइसबर्ग म्हणजे कोबीसारखा घट्ट गड्डा. पान कुरकुरीत आणि वाटीच्या आकाराचं, सारण छान धरतं. रोमेन म्हणजे लांबट, गडद हिरवी पानं, मध्ये जाड शीर. होडीसारखं भरायला सोपं, आणि जीवनसत्त्वांच्या बाबतीत आइसबर्गच्या कितीतरी पुढं. दोन्ही मिळत असतील तर मी रोमेन घेईन. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी आइसबर्ग घ्यावं, ते फाटत कमी आणि चवीला सौम्य. कुरळ्या, तांबूस पानांची जातही दिसते. ती कोशिंबिरीला चांगली, पण गुंडाळायला फार मऊ.

घेताना गड्डा उलटा करून बुंधा बघायचा. कापलेला भाग पांढरट-ओलसर असेल तर माल ताजा. तपकिरी, सुकलेला असेल तर दोन-तीन दिवसांचा. पानांच्या कडांना गंजासारखे डाग, किंवा आत हात लावल्यावर बुळबुळीतपणा जाणवला तर तो गड्डा परत ठेवा. "मावशी, बुंध्याकडनं बघू काय?" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. माल कुठल्या मळ्यातला, विहिरीच्या पाण्यावरचा की नाल्याच्या, हेही विचारावं. कच्चं खायचं असल्यामुळे हा प्रश्न इथं महत्त्वाचा आहे.

दारात चार कुंड्या असतील तर लेट्यूस घरीही येतं. आपल्याकडची हवा त्याला मानवते. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी टाकायचं. बी फार खोल पुरायचं नाही, वरून नुसती माती भुरभुरायची. सुट्या पानांची जात सव्वा-दीड महिन्यात खुडायला येते. बाहेरची पानं खुडत गेलं की आतून नवी फुटतात. मार्चनंतर ऊन तापलं की झाड वर वाढून फुलावर येतं आणि पान कडू होतं. तेव्हा ते काढून टाकायचं.

लेट्यूस नसेल त्या दिवशी कोबीचं पान घ्या. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात टाकायचं, जाड शीर सुरीने तासून घ्यायची. चायनीज कोबी मिळाला तर तो कच्चाच चालतो. अळूचं पान मात्र कितीही मोठं आणि देखणं दिसलं तरी कच्चं वापरायचं नाही, घसा खाजवून हैराण होईल.

पान धुणं आणि कोरडं करणं

सगळ्या कामात हे सर्वांत कंटाळवाणं आहे, आणि रॅप चांगला होणं यावरच ठरतं. शुगर असलेल्या माणसाला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि हटायला वेळ लागतो, त्यामुळे इथं हयगय नको.

आइसबर्गचा बुंधा ओट्यावर एकदा जोरात आपटा. आतला दांडा सैल होतो. तो पिळून ओढला की सबंध बाहेर येतो आणि गड्ड्यात खळगा राहतो. त्या खळग्यात नळाची धार सोडायची. पाणी पानापानांत शिरतं आणि अखंड वाट्या आपोआप सुट्या व्हायला लागतात. नुसतं वरून सोलायला गेलं की पहिली चार पानं फाटलीच समजा. रोमेनचा बुंधा दोन बोटं कापला की पानं सुटतात.

प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळून धुवायचं. रोमेनची माती बुंध्याकडच्या पन्हाळीत अडकते, तिथं अंगठा फिरवायचा. मग मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं म्हणजे लपलेल्या अळ्या, मावा सुटून वर येतो. मिठाच्या पाण्याने सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून ते वाहत्या पाण्याची जागा घेत नाही. नंतर पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यातून काढायचं. पानं मलूल वाटली तर शेवटचं पाणी फ्रिजमधलं, बर्फाचे चार खडे टाकून घ्या. दहा मिनिटांत ती पुन्हा ताठ होतात.

आता कोरडं करणं. चाळणीत निथळून झाल्यावर पानं स्वच्छ सुती पंच्यावर पसरा, पंचा सैलसर गुंडाळा, दोन्ही टोकं धरून गॅलरीत किंवा न्हाणीत चार-पाच वेळा गरागरा फिरवा. पंचा ओला होतो आणि पानं कोरडी निघतात. ओल्या पानावर मसाला बसत नाही आणि सारणाचं पाणी मनगटापर्यंत ओघळतं. कोरडी पानं सुक्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली की तीन-चार दिवस चांगली राहतात. रविवारी हे एकदा करून ठेवलं तर बुधवारपर्यंत रात्रीची धावपळ वाचते. पावसाळ्यात मात्र एक-दोन दिवसांचीच पानं ठेवा आणि मनात शंका आली तर कोबी उकळून घ्या.

सारण: मटकी, पनीर आणि शेंगदाणे

हे दोघांचं माप आहे.

मटकी ५० ग्रॅम, कोरडी मोजून, मग भिजवून मोड आणलेली. पनीर १५० ग्रॅम. शेंगदाणे भाजून जाडसर कुटलेले, दोन मोठे चमचे. एक मध्यम कांदा, एक ढोबळी मिरची, अर्धं गाजर, एक टोमॅटो. लसणाच्या सहा-सात पाकळ्या, बोटभर आलं. कांदा-लसूण मसाला दीड चमचा, हळद, जिरं, मोहरी, कढीपत्ता, लिंबू, कोथिंबीर. तेल चार छोटे चमचे, मोजून. पानं आठ ते दहा.

एवढ्यात माणशी साधारण २३ ते २५ ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. मटकी जास्त घालून पनीर कमी केलं तर कर्बोदकं वाढतात, हे लक्षात ठेवा; कडधान्य चांगलं असलं तरी त्यात पिष्ट असतंच.

मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधून ठेवायची. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड बोटाच्या पेरापर्यंत येतात. डिसेंबर-जानेवारीच्या बेळगावच्या थंडीत वेळ लागतो. तेव्हा गाठोडं झाकणाच्या डब्यात घालून शेगडीच्या जवळ ठेवा. आठवड्याची मटकी एकदम मोडवून फ्रिजमध्ये ठेवता येते, तीन दिवसांच्या आत संपवायची. मोड कच्चे वापरायचे नाहीत, चांगले शिजवूनच.

आता कृती. ऑफिसातून आल्यावर हातपाय धुऊन सुरुवात केली तर पंचवीस मिनिटांत होते.

पहिल्यांदा मटकी. कढईत जेमतेम बुडेल इतकं पाणी, चिमूटभर हळद आणि मीठ घालून झाकण ठेवून सात-आठ मिनिटं शिजवा. दाणा बोटांत दाबल्यावर चेपला पाहिजे पण फुटून पीठ होता कामा नये. उरलेलं पाणी गाळून घ्या. हे पाणी टाकू नका, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन घोटभर कट म्हणून जेवणाआधी प्यायला उत्तम.

मटकी शिजेपर्यंत चिरून घ्या. पनीरचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे, भाज्या त्याहून बारीक. टोमॅटोच्या बिया आणि आतला रस काढून फक्त गर घ्यायचा. सारण ओलसर होण्याचं मूळ कारण हाच रस असतो.

लोखंडी तवा किंवा पसरट कढई चांगली तापू द्या. दोन चमचे तेल, त्यात पनीर एका थरात पसरा आणि दोन मिनिटं हलवू नका. हात शिवशिवतो, पण थांबा. खालची बाजू बदामी झाली की उलथण्याने परता, मग ताटलीत काढा. आधी परतून काढलेलं पनीर नंतर मसाल्यात चुरडत नाही.

त्याच तव्यात उरलेलं तेल. मोहरी तडतडली की जिरं, कढीपत्ता, मग ठेचलेलं आलं-लसूण. लसणाचा कच्चा वास गेला की कांदा, मोठ्या आचेवर तीन मिनिटं. गाजर आणि ढोबळी मिरची, आणखी दोन मिनिटं. भाजी कुरकुरीत राहिली पाहिजे. आता आच बारीक करून मसाला घाला. कांदा-लसूण मसाला मोठ्या आचेवर लगेच जळतो आणि कडवटतो. घरचा मसाला संकेश्वरी मिरचीचा असेल तर एक चमचाच पुरे. ब्याडगीचा असेल तर दोन चमचेही चालतील, तिच्यात रंग जास्त आणि तिखटपणा कमी. मसाल्याला तेल सुटलं की मटकी, टोमॅटो, पनीर घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. तव्यात पाणी दिसत नाही आणि सारण तव्याला किंचित चिकटायला लागतं, तेव्हा झालं समजा. गॅस बंद करून शेंगदाण्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर.

उसळीत गुळाचा खडा टाकायची आपल्याकडची सवय इथं सोडायची. गूळ नैसर्गिक असतो म्हणून शुगरला चालतो हा समज घरोघरी आहे. रक्तातल्या साखरेवर त्याचा परिणाम साखरेसारखाच होतो. आंबट-गोड चव हवी असेल तर कांदा थोडा जास्त वेळ परता, त्याचा स्वतःचा गोडवा पुरतो.

सारण लगेच पानात भरायचं नाही. ताटात पसरून पाच मिनिटं कोमट होऊ द्या, गरम सारणाने पान मऊ पडतं आणि हातात घेताच फाटतं. त्या पाच मिनिटांत चटणी करून होते.

अळशीचं दही

दोन मोठे चमचे अळशी कोरडी भाजा, दाणे तडतडून उडायला लागले की उतरवा. दोन लसूण पाकळ्या, एक भाजलेली ब्याडगी, अर्धा चमचा जिरं, मीठ घालून भरड वाटा. अर्धी वाटी घट्ट दह्यात दीड चमचा चटणी कालवली की झालं. दही पातळ असेल तर दहा मिनिटं फडक्यात टांगून घ्या. उरलेली चटणी फ्रिजमध्ये ठेवा, कारण वाटलेली अळशी बाहेर ठेवली की खवट होते. अळशी नसेल तर कारळ्याची किंवा शेंगाचटणी तेवढीच चांगली लागते, फक्त बाजारच्या शेंगाचटणीत गूळ किंवा साखर घातली नाही ना, ते चाखून बघा.

हॉटेलच्या रॅपमध्ये साखर लपलेली असते ती सॉसमध्ये. एक मोठा चमचा टोमॅटो सॉस म्हणजे ४-५ ग्रॅम कर्बोदकं. गोड चिली सॉस, मध घातलेलं ड्रेसिंग, कॉर्नफ्लोअर लावून घट्ट केलेला रस्सा यांनी हा आकडा भराभर चढतो. सोया सॉसमध्ये साखर सहसा फारशी नसते पण मीठ फार: एका मोठ्या चमच्यात सोडियम ९०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसभराची मर्यादाच २,००० मिलिग्रॅम. शुगरबरोबर बीपीची गोळीही चालू असेल तर सोया सॉस टाळाच. मसाल्यात आणि चटणीत मीठ असतंच, म्हणून सारणात वरून मीठ शेवटी चाखूनच घाला.

भरायचं कसं

आइसबर्ग असेल तर दोन वाट्या एकात एक बसवा, एक मोठी बाहेर, एक लहान आत. रोमेनची मधली शीर बुंध्याकडे सुरीने तासून पातळ करा म्हणजे पान वळतं. पानाला आतून अर्धा चमचा अळशीचं दही लावा, त्यावर दोन मोठे चमचे सारण, वर थोडी कच्ची काकडी किंवा मुळ्याचा कीस. जास्त भरायचा मोह होतो. पानाच्या दोन-तृतीयांश भागातच सारण राहू द्या. बुंध्याकडची बाजू आत दुमडा, मग दोन्ही कडा एकावर एक आणा, आणि दुमडलेली बाजू खाली धरून खा.

आधी भरून ठेवलेले रॅप दहा मिनिटांत पाणी सोडतात. त्यामुळे पानं एका ताटात, सारण पातेल्यात, दही वाटीत ठेवून सगळ्यांनी बसल्या जागी आपापलं भरून घ्यावं. माणशी चार-पाच पानं होतात. हाताने भरत भरत खाल्लं की जेवण आपसूक सावकाश होतं, आणि शुगर असलेल्या माणसाला ते हवंच असतं.

घरातल्या बाकीच्यांसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. तेच सारण मुलांना चपातीत गुंडाळून द्या, कुणाला भाकरीबरोबर वाढा. एकट्यासाठी वेगळं पथ्याचं ताट वाढलं की ते माणूस आठवड्यात कंटाळतं. सगळ्यांच्या पातेल्यातलंच खाल्लं तर त्याला आपण आजारी आहोत असं रोज रात्री आठवावं लागत नाही. शिवाय बाकीच्यांनाही याची गरज असू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. त्या उंबरठ्यावरच्या कित्येकांनी एकदाही रक्त तपासलेलं नसतं.

ज्यांना भाकरी हवीच, किंवा औषधामुळे ठेवायला सांगितली आहे, त्यांनी ती शेवटी खावी. आधी पाला आणि प्रथिनं, नंतर पिष्ट, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची शुगर कमी चढते, हे अभ्यासांत दिसून आलं आहे. दोन-तीन रॅप झाल्यावर अर्धी भाकरी खाणं आणि आधी अर्धी भाकरी खाऊन मग रॅपला हात घालणं यात फरक पडतो.

मटकी-पनीर नको असेल त्या दिवशी

चिकन खिमा ३०० ग्रॅम दोघांना. तेल, आलं-लसूण, कांदा, मग खिमा मोठ्या आचेवर; गुठळ्या उलथण्याने फोडत राहा. सुटलेलं पाणी आटून गुलाबीपणा पूर्ण जायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. मसाला तोच, शेवटी लिंबू आणि पुदिना. यात कर्बोदकं फारच कमी, म्हणून औषध घेणाऱ्यांनी सोबत अर्धी-एक भाकरी ठेवायचीच.

अंडी सर्वांत झटपट. माणशी दोन अंड्यांची कोरडी भुर्जी, कांद्याची पात भरपूर, त्यात मूठभर शिजलेले मूग. दहा मिनिटांत जेवण तयार.

सोया ग्रॅन्युल ६० ग्रॅम गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा घट्ट पिळले की खिम्यासारखेच परतता येतात. पिळायला कंटाळा केला तर उग्र वास राहतो. झुणकाही पानात भरता येतो, पण तो बेसनाचा; कोरडा करा आणि माणशी पाऊण वाटीच्या वर नको. बटाटा, रताळं, मका हे मात्र या पानात भरायचे नाहीत. बेळगावच्या रताळ्याची चव कुणाला सोडवत नाही हे मान्य, ते दुपारी थोडं खा.

जेवल्यानंतर

दहा-पंधरा मिनिटं चाला. गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या पुरतात, फार वेगाने नको. पाऊस असेल तर घरातल्या घरात. ताटावरून उठून थेट टीव्हीसमोर बसण्याने शुगर वर राहते.

मशीन घरी असेल तर पहिल्या आठवड्यात जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासा आणि शेजारी काय खाल्लं ते लिहून ठेवा: किती पानं, कोणतं सारण, भाकरी किती. बहुतेकांना हा आकडा १८० च्या आत हवा असतो, वयस्कर माणसांना किंवा इतर आजार असणाऱ्यांना डॉक्टर वेगळी मर्यादा सांगतात. एकाच सारणाने दोघांच्या अंगात वेगळा आकडा येऊ शकतो. मटकीने चढतेय असं दिसलं तर मटकी निम्मी करून पनीर किंवा अंडं वाढवा. ही वही पुढच्या तपासणीला बरोबर न्या. औषध कमी-जास्त करायला डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

उरलेलं सारण गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशीच्या डब्याला होतं. डब्यात पानं वेगळ्या कप्प्यात, सुक्या फडक्यात गुंडाळून द्या आणि सारण सकाळी चांगलं वाफ येईपर्यंत गरम करून, निववून भरा. अळशीचं दही डब्यात नको, दुपारपर्यंत आंबतं. त्याऐवजी कोरडी चटणी आणि लिंबाची फोड.